व्याह्यांची कुजबुज

नाशिकमध्ये माझ्या व्याह्यांइतकं शांततेवर प्रेम करणारा माणूस दुसरा नसेल आणि त्यांच्याइतका शांततेचा भंगही कुणी करत नसेल. पिंपळगावच्या बाजारात त्यांनी उभा जन्म कांद्याचा लिलाव पुकारण्यात घालवला. ट्रॅक्टरांच्या रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्यालाही भाव ऐकू गेला पाहिजे, या हिशेबानं घडलेला तो गळा. काम सुटल्यावर ते आमच्या कॉलनीत राहायला आले आणि मी मोठ्या हौसेनं त्यांना आमच्या वाचनालयाचं सभासद करून घेतलं.

वाचनालय आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कादंबऱ्यांच्या कपाटांपुढे स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं, समोर पाण्याची बाटली आणि चार्जरची वायर. आम्हा पेपरवाल्या म्हाताऱ्यांना खिडकीजवळचं एक लांब टेबल तेवढं उरलंय. व्याह्यांना हे सगळं इतकं आवडलं, की शांतता राखण्याची जबाबदारी त्यांनी पहिल्याच दिवशी आपणहून अंगावर घेतली. कुणाची खुर्ची करकरली की ते तोंडाशी हात नेऊन कुजबुजत, "हळू, पोरं अभ्यास करत्यात." ही कुजबुज खाली फुटपाथवरच्या चहावाल्यापर्यंत जाई. त्याला वाटे आपल्यालाच सांगताहेत. तो बिचारा खालून "बरं" म्हणे आणि स्टोव्ह बारीक करी.

पेपर वाचताना त्यांचे ओठ हलत. अग्रलेखापर्यंत ठीक चाले, पण बाजारभावाचं पान उघडलं की गळ्याला जुनी सवय आठवे. एका दुपारी "बाराशे, बाराशे दहा, बोला" असं त्यांचं पुटपुटणं चढत गेलं. समोर निफाडचे एक बागाईतदार पेंगत होते. त्यांनी डोळे न उघडताच "वीस" म्हटलं. झालं. व्याही उभेच राहिले आणि बाराशे वीसला सौदा पक्का करूनच बसले. निफाडकरांनी जागं होऊन विचारलं, "माल कुठंय?"

मुलांनी तक्रार केली. ग्रंथपाल बाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, ते तुमचे नातेवाईक. तुम्हीच सांगा. पुन्हा तक्रार आली तर त्यांचं सभासदत्व बंद करावं लागेल."

आता मी पडलो मुलीचा बाप. लग्नात ज्यांच्यापुढे हात जोडून "काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या" म्हटलं, त्यांना तोंड बंद ठेवा म्हणून कसं सांगायचं? बायको म्हणाली, "सांगायचंच असेल तर आधी जेवायला बोलवा." पुरणपोळीचा बेत झाला. मी तूप वाढत राहिलो आणि विषय गिळत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "पाव्हणं, बोला आता. एवढं तूप वाढताय म्हंजी काहीतरी हाय."

मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. पोळीचा तुकडा बोटांत तसाच धरून म्हणाले, "घरी शांतता लय हाय हो. ही गेल्यापासून भांडंसुद्धा वाजत नाय. पोरगा अन् तुमची लेक तिकडं बंगलोरला. वाचनालयातल्या शांततेत निदान माणसं तरी हायेत." मला फार वाईट वाटलं. बायको ताक आणते म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून व्याही तोंडावर रुमाल धरून पेपर वाचू लागले. बाजारभावाचं पान तर न वाचताच उलटत. खुर्च्या खुशाल करकरत होत्या. सगळीकडे अगदी नियमाप्रमाणे शांत होतं आणि माझं मात्र एका ओळीवर लक्ष लागेना. मधूनच ते दाराकडे बघत, आपल्याला कुणी उठवायला येतंय की काय म्हणून.

काल मला राहवलं नाही. बाजारभावाचं पान मीच त्यांच्यापुढे सरकवलं, हात वर केला आणि म्हटलं, "वीस."

त्यांनी रुमाल खाली घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, मग भेदरून मुलांकडे. तोंडाशी हात नेला आणि कुजबुजले, "पाव्हणं, हळू. पोरं अभ्यास करत्यात."

सगळ्या दालनाला ऐकू गेलं. बाईंनी मान वर करून मुलांकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही. तक्रारीत पुढे असलेल्या मुलीनं कानात खोचलेलं काढलं, हसली आणि ते टेबलावरच ठेवून पुन्हा पुस्तकात वाकली.

खालून चहावाल्याचा आवाज आला, "बरं." कितीतरी दिवसांनी.