भाऊसाहेबांचा चांगला चष्मा

भाऊसाहेब पेरूची पिशवी घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढले की आम्ही ओळखायचो, आज किडके पेरू नशिबात आहेत. शिरूर ते रांजणगाव ते सगळ्यांना वाटायचे, अगदी नाव घेऊन, प्रेमानं. पण त्याआधी पिशवीतला सगळ्यांत मोठा, पिवळाधमक पेरू त्यांच्या खिशात गेलेला असायचा. "वाटावं माणसानं," ते म्हणायचे, "पण आधी आपलं निवडावं. मागनं रडायचं काम न्हाई." इतकं उघड बोलणाऱ्यावर चिडायचं तरी कसं?

घरात तर विचारूच नका. शारदावहिनींच्या माहेराहून, राहू गावाहून गूळ आला की मऊसूत खडे यांना आणि तळाचा चुरा वहिनींना. वहिनी ब्लाउज शिवायच्या. त्यांचं मशीन खिडकीपाशी होतं, तेही या गृहस्थानं आतल्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. का, तर खिडकीचा उजेड यांच्या छंदाला हवा!

छंद लेझरचा. तेव्हा डीव्हीडीवर लग्नाचं शूटिंग उतरवून देणारी दुकानं गल्लोगल्ली झाली होती. तिथले बिघडलेले रायटर आणून भाऊसाहेब त्यातला लेझर उपटायचे आणि टॉर्चच्या नळकांड्यात बसवायचे. त्याचा लाल ठिपका फळीवर हळूहळू फिरवला की लाकूड जळून नाव उमटायचं. फळी धरायला अर्थातच वहिनी.

मी कंपनीत सेफ्टी स्टोअरला होतो. मला राहवेना. त्या लाल किरणासाठीचाच चष्मा पुण्याहून मागवून मी त्यांच्या घरी नेला. फिकट हिरवट काच, कडेला बारीक आकडे. "काच किती काळी ते बघायचं नसतं," मी म्हणालो, "आपल्या लेझरचा रंग ती अडवते का, ते बघायचं. वहिनींसाठी दुसरा मागवतो."

"दुसरा कशाला? माझ्याकडं हाय की." दौंड स्टेशनबाहेर घेतलेला काळाकुट्ट गॉगल त्यांनी बाहेर काढला. मग माझ्यादेखत निवड सुरू झाली. दोन्ही चष्मे उन्हाकडे धरून झाले, दोन्हींतून फळीवरचा ठिपका बघून झाला.

"तुमचा बाद हाय," त्यांनी निकाल दिला. "ह्यातनं सारं घर दिसतंय आन् नेमका ठिपकाच दिसत न्हाई. काळा बघा. ऊन बी अडवतोय आन् ठिपका बी दावतोय."

"अहो, दिसत नाही म्हणजेच तो ठिपका अडवतोय!"

"तुमचं शहाणपण स्टोअरात ठेवा. दुसरा आणलात तर ह्यो बी घेऊन जा." त्यांनी हिरवा चष्मा वहिनींच्या मांडीवर फेकला. "घे, तुला एवढा बास हाय."

वहिनींनी पदरानं काच पुसली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. हिरवाच खरा, हे पुन्हा सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. यांना एकदा पटलं असतं, तर हिरवा यांच्या नाकावर आणि काळा वहिनींच्या, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी चहा घेतला आणि उठलो. आजही मला त्याचं काही वाटत नाही.

त्या दिवाळीच्या आधी भाऊसाहेब दारावरची पाटी करत होते. फळी हलू नये म्हणून वहिनींना मागं स्टीलचं ताट धरायला लावलं. दोघंही वाकलेले. किरण फळीच्या कडेवरून घसरला, ताटावर आपटला आणि दोघांच्याही तोंडावरून फिरला. वहिनींना कळलंसुद्धा नाही. भाऊसाहेबांना लख्खकन दिसलं आणि मग मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा पडदा आज भाजलाय, डाव्याचा आधीच्या उडत्या किरणांनी थोडाथोडा. काही करता येणार नाही.

नोकरी गेली. परवा भेटायला गेलो, जाताना पेरू नेले. समोरच्याचं तोंड त्यांना दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. तरी बशीतले पेरू चाचपून चाचपून एक निवडला. नेमका किडका. वहिनींचं मशीन पुन्हा खिडकीपाशी आलं होतं. त्या सुईत दोरा ओवत होत्या, आणि तो पहिल्या झटक्यात गेला.

"बघा की," भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, "चांगला चष्मा हिनं ठिवून घेतला. नवऱ्याच्या गळ्यात काळा मारला."

मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनींनी बशीतला सगळ्यांत मोठा, पिवळाधमक पेरू उचलला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आधी आपलं निवडावं माणसानं."