थँक्यूचं बटण

"थँक्यू म्हणायला लावा हो तिला, मग फोटो काढू," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या मुलीशी थेट बोलायचं त्यांना सुचलं नाही. साक्षी नऊ वर्षांची आहे, बोलत नाही. जे बोलत नाही त्याला ऐकूही येत नसावं, असा मोठ्या माणसांचा समज असतो.

भूगावच्या मंगल कार्यालयात साहेबांचा वाढदिवस होता. साहेब बिल्डर. शाल त्यांना, हार त्यांना, निमित्त आमचं. चित्र दाबलं की शब्द बोलणारा टॅब त्यांनी साक्षीला दिला होता. तो महिन्यापूर्वीच घरी आला होता. आज फीत बांधून पुन्हा द्यायचा होता. मागच्या बाजूला साहेबांचा हसरा स्टिकर.

थेरपीच्या ताईंनी बजावलं होतं, "तिची परीक्षा घेऊ नका. तिच्याशी बोलताना तुम्हीच चित्रं दाबत जा. बघून बघून शिकेल ती." मी मान डोलावली आणि महिनाभर परीक्षाच घेतली. पाणी कुठंय? आई कुठंय? पाहुणे आले की थँक्यू. स्वतः टॅबवर बोलायची मला लाज वाटायची. मला तोंड होतं ना.

स्टेजवर साक्षीने मूठ आवळली. खालून आमच्या भरे गावातलाच कुणीतरी म्हणाला, "लई भाव खातीय पोरगी." लोक हसले. मी तिची मूठ उघडली, बोट धरलं, टॅबवर दाबलं.

थँक्यू. टाळ्या.

"माझे डोळे मिटले," साहेब फोटोग्राफरला म्हणाले. "परत एकदा घ्या."

साक्षीने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. मूठही आवळली नाही. बोट आपणहून माझ्यापुढे केलं, धरायला.

शिकली होती. महिनाभरात माझ्याकडून एवढंच.

मी तिचा हात हळूच खाली ठेवला आणि माझ्या बोटाने दुसरं बटण दाबलं. नको. माइक जवळच होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

"बिघडलंय का हे?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मी बोललो."

साक्षी माझ्या बोटाकडे बघत होती.

आता घरात मी टॅबवर बोलतो. चहा झाला. कंटाळा आला. चूक माझी. तिने अजून आपणहून एकही चित्र दाबलेलं नाही. बोट मात्र अधूनमधून माझ्यापुढे करते. मी ते धरत नाही.

उद्या ती बोलेल तेव्हा पहिला 'नको' बहुधा मलाच असेल. तो पाळायचा.