आत्याबाई कुटुंबात धरल्या नाहीत

मला कायद्याचा राग येतो, आणि लई येतो. लोक म्हणतात, त्याच कायद्यानं तर तुला घर दिलं. दिलं ना, माझ्याच नावावर दिलं. बाईच्या नावावर घर पाहिजे असा नियमच आहे. पण ज्या बाईनं त्या घरासाठी जिवाचं रान केलं, तिचं काय?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. शहरात, उस्मानपुऱ्यात, भाड्याच्या एका खोलीत आम्ही दोघं नवरा-बायको, आमची लेक आणि त्या राहायचो. परवडणाऱ्या घरांची सोडत निघणार, हे त्यांनीच नळावर ऐकलं आणि आमच्यामागं भुंगा लावला. नंबर लागला तेव्हा कचेरीतही आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

टेबलावरच्या साहेबानं विचारलं, कुटुंबात कुणाचं पक्कं घर आहे का? गंगापूरकडच्या गावात आत्याबाईंच्या नावावर स्लॅबच्या दोन खोल्या होत्या. नवऱ्यानं खरं ते सांगून टाकलं. साहेब हसला. म्हणाला, "कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली लेकरं. आजी त्यात धरत नाहीत. त्यांचं घर असू द्या, तुम्ही नियमात बसता."

आमच्या जिवात जीव आला. बाहेर टपरीवर चहा घेतला. आत्याबाईंनी कप हातात नुसताच धरून ठेवला. "म्हंजे मी नाय व्हय तुमच्यात?" त्यांनी विचारलं. "अहो, ते कागदापुरतं," मी म्हणाले आणि लेकीला बिस्किटं घ्यायला वळले.

चिकलठाण्याच्या पुढं घर मिळालं, तीस चौरस मीटरचं. आत्याबाई मात्र गावी जाऊन राहिल्या. सकाळच्या एसटीनं यायच्या, भाजी निवडायच्या, लेकीची वेणी घालायच्या आणि दिवस मावळायच्या आत निघायच्या. आपण मुक्काम केला तर तपासणी येईल, लेकाचं घर काढून घेतील, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. असा नियम कुठंच नाही. कुटुंबाची ती व्याख्या घर कुणाला द्यायचं हे ठरवायला. आईला घरात ठेवू नका असं कुणीच म्हटलेलं नाही. मी समजावलं, भांडले, एकदा तर त्यांची पिशवीच लपवून ठेवली. लाईटचं मीटर बघायला माणूस आला, तर या उठून चपला घालून उभ्या. "मी पाव्हणी हाय, आत्ता जाणार," त्याला सांगितलं. त्या बिचाऱ्यानं काही विचारलंही नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं, तसं नवऱ्यानं त्यांना उचलूनच इकडं आणलं. डॉक्टरांनी हात टेकले. आम्ही खिडकीपाशी खाट टाकली. मला वाटलं, आता तरी इथं राहतील. तर दुपारी त्यांनी माझा हात घट्ट धरला. "इथं मेले तर दाखल्यावर ह्योच पत्ता येईल गं. मला गावी ने."

"माय, असं काही नसतं," नवरा रडत म्हणाला. त्या ऐकेनात. खाटेवरून उतरायला लागल्या, अंगात उभं राहायचं त्राण नसताना. शेवटी जीप बोलावली.

गंगापूरच्या अलीकडं माझ्या मांडीवर त्यांनी जीव सोडला.

दिवस उरकल्यावर नवरा मृत्यूची नोंद करायला गेला, मीही सोबत होते. समोरच्यानं विचारलं, "मयताचा राहण्याचा पत्ता?" नवऱ्यानं चिकलठाण्याचा सांगितला, इमारत, मजला, दाराचा नंबर, सगळं. त्या माणसानं मान खाली घालून लिहून घेतला आणि पुढचं विचारलं.