मागचं दार

बालाघाटच्या कोर्टासमोर मी माझी जुनी गाडी लावायचो, तिथं एक म्हातारा रोज यायचा. मागच्या दाराचा खटका दोन बोटांनी हळूच दाबून तो विचारायचा, "भाऊ, या गाड्या कंपनीनं मागचं लॉक बदलाले परत बोलावल्या होत्या. हिचं झालं काय?"

गाडी मी सेकंडहँड घेतलेली. मला काहीच माहीत नव्हतं. तरी त्याला टाळायला एकदा म्हणालो, "हौ बाबा, झालं."

त्यानं काचेतून रिकाम्या सीटकडं पाहिलं. "मंग हे पोरगी अजून काहून बसून हाये?"

माझी मुलगी रोज त्याच सीटवरून शाळेत जायची. दुसऱ्या दिवशी तिला ऑटोनं पाठवलं आणि चेसिस नंबर देऊन कंपनीत विचारलं. लॉक बदललंच नव्हतं.

ते बदलून आणल्यावर मी म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं, खोटं बोललो होतो तेही.

"घरी मीबी तसंच सांगतलं होतं," तो म्हणाला. "गाडी तवा माझी होती. परसवाड्याच्या वळणावर दार उघडलं."

मग त्यानं मागचं दार उघडलं आणि आत वाकून म्हणाला, "चाल माय, उतर आता." कुणीतरी बोट धरल्यासारखा एक हात खाली सोडून, लहान लहान पावलं टाकत तो निघून गेला.

मी दार लावायला वाकलो, तेव्हा सीटची दबलेली गादी सावकाश वर येत होती. माझी मुलगी नेहमी पलीकडच्या खिडकीशी अंग चोरून का बसते, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.