कोणतं देऊळ

आमच्या नगरकडे चर्चला देऊळच म्हणतात. आई हाक मारायची, "चला गं, देवळाची घंटा झाली." म्हणून शिवणकामासाठी सेलूला येऊन खोली घेतली, तेव्हा पहिल्याच रविवारी मी घरमालकीण काकूंना "देवळात जाऊन येते" असं सांगितलं. लपवायचं काही मनात नव्हतं. वर्ध्याला एका घरी आमची उपासना भरायची, तिथं बसने जायचे.

काकूंना कौतुक वाटलं. त्यांचे गुडघे गेलेले, मुलं पुण्याला. म्हणाल्या, एवढी देवाची आवड आहे तर मला चतुर्थीला केळझरच्या गणपतीला नेत जा. मी नेऊ लागले. दारापर्यंत हात धरून न्यायचे आणि चपला सांभाळत बाहेर बसायचे. त्यांनी दिलेला प्रसाद पिशवीत ठेवायचे.

माझी शाळा सातवीत सुटली, मला वाद घालता येत नाही. कामावर बायका मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, ख्रिस्ती लोक धर्म बदलवतात म्हणे. मी मान खाली घालून मशीन चालवायचे. मग वर्ध्याच्या त्या घरी काही माणसं, इथं काय चालतं, अशी चौकशी करून गेली. झालं काहीच नाही, पण पाळकसाहेब म्हणाले, काही दिवस घरीच प्रार्थना करा.

रविवारी मी कडी लावून बसायचे. गीत एकटीनं धरलं की दुसऱ्या ओळीलाच आवाज बसायचा. प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवातच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे. खोलीत एकटीला तो 'आमच्या' शब्द जड जायचा.

एका रविवारी काकू दाराशी आल्या. "काऊन वो, देवळात नाई जाऊन राह्यली आता?"

ही खोली गेली तर एकट्या बाईला दुसरी कोण देणार? तरी सांगितलं. आमचं देऊळ म्हणजे येशूचं, आणि ते सध्या बंद आहे.

"अस्सं," म्हणून त्या आत गेल्या. पुढे बोलणं कामापुरतंच. मी मनातल्या मनात वळकटी बांधून ठेवली.

चतुर्थीला सकाळी मात्र त्या ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. "चाल ना वो, बस निघून जाईन."

बसमध्ये मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. केळझरला चपलांपाशी बसून मी प्रार्थना म्हटली. 'आमच्या' म्हणताना काकूंनाही त्यात घेतलं.

त्या आल्या आणि कागदाची पुडी पुढे केली. "हे प्रसादाचं नाई. ठेल्यावरचे फुटाणे हाय. तू प्रसाद पिशवीत टाकतं, मले दिसत नाई का?"

मी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. तोवर त्यांनीही फुटाणे तोंडात टाकले नाहीत.

"आन् कोनी तुह्या खोलीत काय चालते विचारलं," त्या चपलेत पाय घालत म्हणाल्या, "तर काकूले विचारा म्हनजो."

रविवारी कडी मी अजून लावतेच. भीती गेलेली नाही. पण आता 'आमच्या' म्हटलं की पलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज ऐकू येतो, आणि मी पुढचं म्हणते.