विल्सनदादांचा नरक

राग साठत गेला की त्याचे किस्से होतात. आमच्या मंडळीतल्या कुणालाही चहा पाजा, विल्सनदादांचा एखादा किस्सा निघणारच. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही, कारण बहुतेक वेळी मी तिथं हजर होतो!

आमची मंडळी म्हणजे सिडकोतल्या एका हॉलमध्ये रविवारी उपासनेला जमणारी थोडीशी ख्रिस्ती घरं. विल्सनदादा त्यातले वडीलधारे. अंबडच्या ज्या कंपनीत मी आहे, तिथंच ते हीट ट्रीटमेंटला सुपरवायझर. दिवसभर भट्टीसमोर! त्यामुळे उपासनेतला त्यांचा संदेश, म्हणजे प्रवचन, कुठूनही सुरू होवो, संपायचा नरकात. एकदा नाताळच्या उपासनेत गव्हाणीतल्या बाळाबद्दल बोलता बोलता म्हणाले, "आमची भट्टी नऊशे डिग्रीला चालते. नरक त्याच्याही वर!"

मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, आज बाळाचा वाढदिवस आहे!"

* * *

कँटीनमध्ये माझ्या शेजारी निवृत्ती बसतो. माळकरी घरातला, शांत माणूस. विल्सनदादा त्याच्या ताटासमोर उभे राहिले.

"निवृत्ती, आज रात्री मेलास तर कुठं जाशील?"

"सेकंड शिफ्ट तुम्हीच लावलीय दादा. मेलो तर रजा द्याल का?"

अख्खं टेबल हसलं. निवृत्तीनं मात्र अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला. माझ्या मित्राचा घास माझ्या देवाच्या नावानं अडला! माझं डोकं भणभणलं.

* * *

हरसूलच्या आठवडे बाजारात दादांनी स्पीकर लावला. "पश्चात्ताप करा! नाहीतर कायमच्या आगीत जाल!" मी पत्रकं धरून शेजारी उभा.

नागली विकणारी एक म्हातारी बराच वेळ ऐकत होती. मग उठून जवळ आली, दादांना खालून वर न्याहाळलं आणि काळजीनं म्हणाली, "तुझा देव लय तापट हाय रं बाबा. तुला मारतो का?"

दादांनी स्पीकरचा आवाज वाढवला.

* * *

हा किस्सा लोक सांगत नाहीत. मीच सांगतो.

दादांनी संडे स्कूलच्या भिंतीवर एक चित्र लावलं. ज्वाळांत माणसं, तोंडं उघडी. माझी रेबा पहिलीत. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला जाईना. गॅस गिझरची ज्योत बघून रडायला लागली.

"पप्पा, निवृत्तीकाका जळणार?"

"कोण म्हणालं?"

"विल्सनअंकल. मग मला नाही जायचं येशूकडे!"

पुढच्या रविवारी दादांना हॉलच्या दारातच गाठलं. "माझ्या पोरीला येशूची भीती वाटते, दादा! आम्ही घरी काय सांगतो, तुम्ही काय करून ठेवलंत!"

"भीती वाटलीच पाहिजे," ते शांतपणे म्हणाले.

मी आत गेलो, ते चित्र भिंतीवरून ओढलं आणि सगळ्यांसमोर फाडलं. पुढे कितीतरी रविवार माझ्या शेजारी कुणी बसेना, खुर्ची रिकामी राहिली. राहू दे!

* * *

निवृत्तीच्या आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत. आमच्या मंडळीतल्या सुशीलामावशी, रिटायर्ड नर्स, रोज सकाळी तिच्याकडे जाऊ लागल्या. आंघोळ घालायची, पाठीच्या जखमांना मलम लावायचं, वेणी घालायची. जाताना तिला विचारून, तिच्या कपाळावर हात ठेवून येशूच्या नावानं दोन वाक्यांची प्रार्थना करायची. बस्स.

दादा त्यांच्यावर चिडले. "मावशी, इतके दिवस जाताय. तिला नरकाबद्दल सांगितलं का?"

"तिची पाठ बघितली का तुम्ही?" मावशी कडाडल्या. एरवी त्यांचा आवाज कुणाला ऐकूही येत नसे!

दादा ऐकतात कसले! एका सकाळी मावशींच्या आधीच निवृत्तीच्या घरी हजर. निवृत्तीनं मला फोन केला, "ये लवकर, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल." मी धावतच पोचलो. दादा खाटेवर वाकलेले.

"आजी, वेळ थोडा आहे. येशूला ओळखता का?"

म्हातारीनं डोळे उघडले.

"वळखते की! रोज सकाळी येती. न्हाऊ घालती मला. सरक तिकडं, तिची यायची येळ झाली!"