काळी वायर सुटलेली होती

आधीच सांगते, भूतबित, आत्माबित मला पटत नाही. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. गाडीला लिंबू-मिरची टांगलेली दिसली तरी माझं डोकं फिरतं. तेव्हा हे वाचून "मॅडमही त्यातल्याच निघाल्या" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आमचं घर सोनईच्या बाहेर, वस्तीवर. मिस्टरांना जाऊन सव्वा वर्ष झालं. मुलगी पुण्यात, रविवारी फोन करते. बाकी आठवडाभर मी आणि दारातली ह्यांची जुनी जीप.

हे गेले तेव्हा जाऊबाई हळूच म्हणाल्या, "गळ्यातलं काढून ठेव आता." मी साफ सांगितलं, माझं मंगळसूत्र आहे, मी काढणार नाही. पुन्हा कुणी विषय काढला नाही. पण फारसं कुणी घरीही येईनासं झालं... जाऊ दे.

गेल्या उन्हाळ्यात जीप सुरूच होईना. बॅटरीची काळी वायर गंजून पार गेली होती. गॅरेजवाल्याला बोलवायचं तर "एकट्याच राहता का मॅडम?" ऐकावं लागणार — नकोच ते! नवी वायर आणली आणि रविवारी दुपारी बॉनेट उघडलं. दहा वर्षं ह्यांच्याशेजारी टॉर्च धरून उभी राहिलेय. काढताना काळी आधी, लाल नंतर. लावताना लाल आधी, काळी शेवटी. सगळं पाठ.

जुनी वायर काढली, खायच्या सोड्याच्या पाण्यानं टर्मिनल पुसले, लाल घट्ट केली. नव्या काळ्या वायरचं एक टोक बॉडीला बसवलं, दुसरं बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवलं. काळ्या टर्मिनलवर थोडी पूड राहिली होती, ती पान्यानं खरवडायला वाकले.

आणि हॉर्न वाजला. दोनदा. पाँ-पाँ.

हे फाटकाशी आले की अस्सेच वाजवायचे, मी येऊन उघडावं म्हणून.

मी जागच्या जागी थिजले. मान खाली होती म्हणून दिसलं — मंगळसूत्राचा एक पदर पान्याला टेकला होता, आणि वाट्या लाल टर्मिनलपासून जेमतेम बोटभर. टेकल्या असत्या तर शॉर्ट सर्किट होऊन गळ्याभोवतीच तापून लाल झालं असतं सगळं. कशीबशी मागे झाले.

बांधावर शेळ्या चारणाऱ्या सखूमावशींनी हाक मारली, "मॅडम, दादांच्या गाडीचा हारन वाजला ना वं? मला वाटलं, आलेच!"

"मावशी, अहो बॅटरीची वायरच सुटलेली आहे."

"मंग वाजला कसा?"

मी वळून पाहिलं. काळी वायर फडक्यातच होती. रस्त्यावर एक गाडी नव्हती.

तेव्हा ह्यांचा पहिला नियम आठवला. "आधी अंगावरचं काढायचं, मंग गाडीचं." अंगठी, घड्याळ पान्यांच्या डब्यात टाकायचे आणि मला म्हणायचे, "तू पण." विसरले होते म्हणू? खरं तर आठवायचंच नव्हतं मला.

मंगळसूत्र काढलं. ह्यांच्याच डब्यात ठेवलं. काळी वायर लावली, जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग हातपाय धुऊन मंगळसूत्र परत घातलं आणि पोटभर रडले.

सर्किट तुटलेलं असेल तर हॉर्न वाजत नाही, हे मी सातवीला आजही शिकवते. त्या दुपारचं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही.

हल्ली शाळेतून आले की फाटकाशी मी दोनदा हॉर्न वाजवते. थोडा वेळ थांबते. मग उतरते, आणि फाटक मीच उघडते.